फ्रॉक अजून येतो

१२ जानेवारी

शिडी,

प्रिय लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतंच शिडी. रागावलीस तरी पाकीट उघडलंस ना, मग आता शेवटपर्यंत वाच. आठ वर्षं आपण दोघी बहिणी बोललो नाही म्हणून जगाचं काही अडलं नाही, माझंही नाही. मी समेटासाठी लिहीत नाहीये. मला थोडी माहिती हवी आहे आणि ती देऊ शकेल असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. तू सगळा जन्म मुलींच्या शाळेत खेळाची बाई म्हणून काढलास. शेकडो मुली तुझ्या डोळ्यांसमोर वाढल्या. तर सांग, दहा पुरी होऊन अकरावं लागलेली मुलगी किती उंच असावी? तिने किती खावं, किती झोपावं? चार ओळी पुरेत. माझ्या तब्येतीची चौकशी नको, मी ठणठणीत आहे.

का विचारते तेही सांगते. आज सकाळी सूनबाईबरोबर ठकीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथून आल्यापासून दोनदा चूळ भरली, तरी तोंडाची चव जात नाही.

ठकी म्हणजे माझी नात. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती जेवणाच्या टेबलाखालून न वाकता आरपार जायची. आता तिला सगळं जग ओळखतं. बिस्किटाच्या जाहिरातीतली पिवळ्या फ्रॉकची मुलगी, पुढचा एक दात पडलेली, हात पसरून 'आजी, अजून एक!' म्हणणारी, ती आपली ठकी. त्यातली आजी मी नव्हे. ती भाड्याने आणलेली आहे आणि दिवसभर पेंगते.

पहिली जाहिरात झाली तेव्हा ठकी सहा वर्षांची होती आणि दात खरंच पडलेला होता. पुढे दात आला, कारण दात येतात. पण बिस्किटाच्या पुड्यावर, चौकातल्या फलकावर, बसच्या पाठीवर ती बोळकीच राहिली. कंपनी दर वर्षी नवी जाहिरात करते आणि तिला तीच मुलगी जशीच्या तशी हवी असते. म्हणून त्या चांगल्याभल्या दातावर काळं मेण थापतात. हल्ली कधी कुणी बघायला येईल म्हणून घरीसुद्धा थापतात. त्या मेणाने हिरडी सुजली. डॉक्टरांनी आज ते खरवडून काढलं तेव्हा जो वास आला, तो लिहिताना अजून माझ्या नाकात आहे. आणि आमची सूनबाई त्या वेळी काय विचारते? म्हणाली, डॉक्टर, दात उघडलाच आहे तर कानशीने जरा लहान करता येईल का, चेहऱ्याच्या मानाने फार मोठा दिसतो.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "दात बरोबर आहे हो. चेहरा मागून येतोय."

ठकी तोंडाचा आ करून छताकडे बघत होती. या वयाचं कुठलंही पोर अशा वेळी खुर्चीत वळवळ करतं, रडतं, डॉक्टरचा हात चावतं. हिने नुसते डोळे मिटून घेतले. कामाची सवय!

माझ्या चिरंजीवांनी नोकरी सोडली आहे. कार्डं छापून घेतली आहेत, त्यावर लिहिलंय, व्यवस्थापक. कुणाचा व्यवस्थापक, तर पोटच्या पोरीचा.

असो. माहिती कळव. आणि जिच्यावरून आपलं वाजलं त्या मशीनचं विचारू नकोस. आईची शिवणाची मशीन माळ्यावर पडली आहे, गंजली आहे, चाक फिरत नाही. तो विषय संपला.

सही करत नाही. अक्षर ओळखशीलच, आपल्या दोघींना एकाच सिस्टरने पट्टी मारून शिकवलंय.


२ फेब्रुवारी

शिडी,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला तुझं तीन शब्दांचं उत्तर: मशीन कुठे आहे. आणि तेही उघड्या कार्डावर! पोस्टमनने वाचलं असणार, कारण देताना तो गालात हसत होता. पोरीबद्दल एक अक्षर लिहिलं असतंस तर तुझी शाई आटली नसती. मी सांगितलं ना, माळ्यावर आहे.

मी पुन्हा लिहिते आहे ते केवळ या घरात मला दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटत नाही म्हणून. तसं बघायला गेलं तर सगळे माझ्याशी फार गोड वागतात. त्याचीच शिसारी येते.

आमच्या पलंगाखाली बिस्किटांची खोकी आहेत. कंपनी दर महिन्याला पाठवते. शेजाऱ्यांना वाटतात, इस्त्रीवाल्याला देतात, जिना झाडणाऱ्या बाईला देतात. ठकीला एकही मिळत नाही. चित्रीकरणात ती बिस्कीट चावते, डोळे मोठे करते, गोड हसते, दिग्दर्शक 'झालं' म्हणाला की पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकते. पुन्हा चावते, पुन्हा थुंकते. मी त्या बादलीत एकदा डोकावले आणि त्या दिवशी जेवले नाही. घरी तिचं दूध बंद केलंय, अंडं बंद केलंय, कारण सूनबाईच्या कुणा मैत्रिणीने सांगितलं की दुधाने हाडं लांबतात. आणि मुलं झोपेत वाढतात असं चिरंजीवांनी कुठेसं वाचलं, तेव्हापासून ते पहाटे स्वतः उठून मुलीला हलवून जागं करतात. ती शाळेत बाकावर डोकं टाकते. वर्गबाईंनी शाळेत बोलावून विचारलं, तर हे दोघं म्हणाले, काय करणार, कलाकार आहे, कामाचा ताण असतो. ऐकून माझ्या तोंडावर आलेले शब्द मी गिळले. आपल्याला सभ्य शाळेत घातल्याचा आईला फार अभिमान होता, त्याची किंमत मी अशी मोजते.

आता खरी गोष्ट. मदर सुपीरियर आपल्याला डोक्यावर जाड पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालायला लावायच्या, आठवतं? माझं पुस्तक पडायचं, तुझं कधी पडलं नाही. गेला आठवडाभर मला ठकीची चाल वेगळी वाटत होती. चालत नाही, घरंगळते. पाठ सरळ, मान सरळ, पण सगळी बाहुली खाली दाबून धरल्यासारखी. परवा मी तिच्या डोक्यावर माझा शब्दकोश ठेवला आणि म्हटलं, खिडकीपर्यंत जाऊन ये. गेली, वळली, आली. शब्दकोश तसूभर हलला नाही. मी शाबास म्हणणार एवढ्यात माझी नजर खाली गेली. गुडघे वाकलेले होते. पूर्ण वाट ती वाकलेल्या गुडघ्यांनी चालली होती, आणि वर चेहऱ्यावर तो पुड्यावरचा हसरा भाव.

मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, असं चाललं की मी छोटी दिसते, काका म्हणतात. काका म्हणजे दिग्दर्शक.

"इथे कुठे आहेत काका?"

"बाबा म्हणतात घरीपण करायचं. म्हणजे विसरायला होत नाही."

मी म्हटलं, सरळ उभी राहा बघू. ती राहिली. शिडी, क्षणभर मला वाटलं खोलीत दुसरंच कुणी आलं. माझ्या खांद्याला लागली गं! तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि ती सरकन खाली आली, छत्री मिटावी तशी.

पण या दोघांना तिची उंची दिसत नाही. का, तर त्यांच्याकडे पुरावा आहे. तो पिवळा फ्रॉक कंपनीने आमच्याच घरी ठेवलाय. दर महिन्याला सूनबाई तो कपाटातून काढते, ठकीला घालते, पाठीची बटणं लावते आणि म्हणते, "फ्रॉक अजून येतो." मग नवराबायको परीक्षेत पास झाल्यासारखी एकमेकांकडे बघतात. चार वर्षं एकच फ्रॉक येणारी मुलगी तू तुझ्या जन्मात पाहिलीस का? यांना त्यात काही वावगं वाटत नाही. फ्रॉक खोटं बोलत नाही म्हणे.

कसा येतो ते मला विचारू नकोस.

फ्रॉकबरोबरचे पांढरे बूटही तेच आहेत. ते मात्र कातड्याचे, त्यांना दया नाही. बोटं दुमडून घालते. रात्री मी तिच्या पायाला तेल लावते तेव्हा बोटांवरचे फोड मोजत नाही, नुसती शिव्या देते, मनातल्या मनात, इंग्रजीतून.

तुझी जी कोण असेन ती.


२६ फेब्रुवारी

शिडी,

या वेळी चक्क एक पान! वाचून काढलं, आणि मग उशीखाली ठेवलं, सुनेच्या हाती लागू नये म्हणून. मुली आधी पावलांनी आणि हातांनी वाढतात, मग पाय लांबतात, धड सगळ्यात शेवटी येतं, त्यामुळे मधली एक-दोन वर्षं त्या सारख्या अडखळतात, पेले पाडतात, त्यांना रागावू नये, असं तू लिहिलंस. ठकी हल्ली पेले पाडते. परवा सूनबाईने त्यावरून तिला मूर्ख म्हटलं. या वयाला लांडग्यासारखी भूक लागते आणि ती भागवायची असते, असंही लिहिलंस. ठीक. मी लपवून दूध देतेच आहे, आता दोनदा देईन. पण पानाच्या तळाशी पुन्हा 'मशीन?' कशाला? तुझा हा चिवटपणा तुझ्या उंचीपेक्षाही जास्त आहे.

बरं, ऐक. मशीन माळ्यावर नाही. माझ्या खोलीत पडद्यामागे आहे. गंजलेली नाही. दर आठवड्याला तेल घालते. इतकी छान चालते की कपडा हातातून ओढून नेते. आता झालं तुझं समाधान?

हे सांगावं लागतंय कारण घरात जे काही झालं ते त्या मशीनमुळे झालं.

फ्रॉक मी उसवत होते. पहिल्या वर्षानंतर ठकी एकदा म्हणाली की आजी, फ्रॉक घातला की मला जांभई देता येत नाही. मग मी दुपारी, सगळे बाहेर गेले की, बाजूच्या शिवणी उसवून आतला कपडा सोडला. चांगला शिंपी शिवणीत जास्तीचा कपडा ठेवतो, त्याला माया म्हणतात हे तुला माहीतच आहे, आईनेच शिकवलं. ती माया दोन वर्षांत संपली. मग खालची दुमड उलगडली. मग त्याच पिवळ्या रंगाचा कपडा आणला, काखेपासून खालपर्यंत बोटभर पट्ट्या घातल्या, चुणीत अशा लपवल्या की स्वतः आईला सापडल्या नसत्या. मला वाटलं, पोरीला श्वास तरी घेता येईल. आणि सूनबाई दर महिन्याला बटणं लावून म्हणत राहिली, फ्रॉक अजून येतो. मला मनातून हसू यायचं. यांना मूर्ख बनवण्यात मला मजा येत होती, हे मी नाकारत नाही.

परवा नव्या जाहिरातीचं चित्रीकरण होतं. मलाही जावं लागतं, कारण ठकी मेण फक्त माझ्याकडून लावून घेते. हे मी आधी लिहिलं नव्हतं. असू दे. या वेळी तिच्याबरोबर धाकटा भाऊ म्हणून एक खराखुरा सहा वर्षांचा गोळा आणला होता. त्याच्या शेजारी ही उभी राहिली, गुडघे वाकवून, तरी तिचा खांदा त्याच्या डोक्यावरून गेला. दिग्दर्शक दोन पावलं मागे सरला, मान तिरकी केली, पुन्हा पुढे आला. मग कपड्यांची बाई आली, तिने फ्रॉकची बाजू उलटून पाहिली आणि माझ्या सगळ्या पट्ट्या तिच्या चिमटीत आल्या. ती कौतुकाने म्हणाली, काम कुणाचं आहे, फार सुरेख आहे. दिग्दर्शकाने तिकडे लक्षच दिलं नाही. तो ठकीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "ही वाढली की."

दूध नासलं की, असं म्हणावं तशा आवाजात. पोरीच्या तोंडावर. आणि पोरीने काय करावं? आणखी थोडे गुडघे वाकवले.

घरी आल्यावर मला मधोमध बसवून दोघं उभे राहिले. सूनबाई रडत होती. म्हणाली, "आई, तुम्ही आम्हाला फसवलंत. आम्हाला वेळेवर कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

मी विचारलं, काय करता आलं असतं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  त्यांच्या मनात खरंच काहीतरी होतं.

कंपनीने महिन्याची मुदत दिली आहे. म्हणे तोवर बघा काय होतं ते, नाहीतर दुसरी मुलगी शोधू. महिन्याभरात काय होणार? वाढलेलं पोर आटणार?

ताई


१७ मार्च

शिडी,

यांच्या मनात काय होतं ते आता कळलं.

आधी ते ठकीला आमच्या नेहमीच्या बालडॉक्टरकडे घेऊन गेले. मी बरोबर होतेच, हल्ली मी तिला एकटी सोडत नाही. डॉक्टरांनी तिला भिंतीला टेकवून मोजलं, वजन केलं, हात-पाय पाहिले, जिभेखाली पाहिलं, जुने आकडे काढून जुळवले आणि खूश होऊन म्हणाले, "वजन जरा कमी आहे, तेवढं खायला घाला. बाकी मुलगी मस्त वाढते आहे. अभिनंदन!" ही दोघं अशी बसली होती की बाहेरच्या बाकावरच्या बाईला वाटलं आमच्याकडे कुणाचं तरी काही वाईट झालं. मग चिरंजीवांनी घसा साफ करून विचारलं, वाढ थोडी थांबवायचं इंजेक्शन असतं ना? डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, असतं, पण ज्या मुली फार लवकर, अगदी लहानपणीच मोठ्या व्हायला लागतात त्यांच्यासाठी असतं. हिचं सगळं वेळेवर चाललंय. वेळेवर चाललेली गाडी कुणी साखळी ओढून थांबवतं का? चिरंजीव म्हणाले, नाही, सहज विचारलं.

सहज. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे भिंतीत काचेची पेटी आहे, रंगीत मासे आहेत आणि डॉक्टरच्या हातात डॉक्टरपेक्षा जाड घड्याळ आहे. त्याने ठकीला पाहिलंही नाही नीट, सही मात्र मागितली तिच्याकडे, स्वतःच्या मुलासाठी. मग म्हणाला, बघू या की, वर्ष-दोन वर्षं थोपवून धरू, फार काही नाही, दर महिन्याला एक टोचायचं. चिरंजीवांचा चेहरा उजळला. मला त्या माशांची दया आली. त्यांनाही असंच पेटीच्या मापात ठेवलं असणार.

पहिलं इंजेक्शन ३१ तारखेला आहे.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तू आयुष्यभर मुलींत वावरलीस, तुझ्यापाशी कसली लाज. ठकी पंधरा दिवस म्हणत होती की छातीत दुखतं. या वयात दुखतं, आपलंही दुखलं होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. काल जिना चढताना ती मध्येच बसली. श्वास पुरेना. मी तिला खोलीत नेलं तर झग्याच्या आत पट्टी. मुरगळलेल्या पायाला बांधतात तसली, काखेपासून पोटापर्यंत, करकचून. मी शिवणाची कात्री आणली आणि पट्टी कापायला लागले. तिच्या अंगावर जे वळ उठले होते ते मी इथे लिहिणार नाही.

कात्रीचा आवाज ऐकून सूनबाई आत आली. मला वाटलं भांडेल. मी तयार होते, मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, आठ दिवस पुरली असती. पण ती माझ्याशी बोललीच नाही. पलंगावर ठकीशेजारी बसली, तिचे केस कानामागे सारले आणि अगदी प्रेमाने, खरंच प्रेमाने गं, म्हणाली,

"थोडं थांबायचं होतंस ना राणी."

आणि ठकी म्हणाली, "सॉरी आई."

शिडी, मी पस्तीस वर्षं मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर टंकलेखन केलं. माणसं काय काय बोलतात ते सगळं या कानांनी ऐकलं आणि या बोटांनी नीट टंकून दिलं. पण या दोन शब्दांनी मला जशी ओकारी आली तशी कधी आली नाही. मोरीत जाऊन पाणी सोडलं आणि उभी राहिले. पोर वाढली म्हणून पोर माफी मागते!

मी चिरंजीवांना सांगितलं, टोचू देणार नाही. ते म्हणाले, "आई, तुला यातलं काही कळत नाही. आणि तिला विचार ना, तिलाच हवंय." तिला विचारलं. तिने आधी बापाकडे बघितलं, मग म्हणाली, हो.

आता मी तुला जे विचारणार आहे ते एकदाच विचारते. शाळेला सुट्टी लागते आहे. तिला तुझ्याकडे ठेवशील?

ताई


२९ मार्च, गाडीत

शिडी,

अक्षर वाकडं आहे ते गाडीमुळे, वयामुळे नव्हे. समोर ठकी झोपली आहे. सकाळपासून दोनदा जेवली आणि झोपली. कुणी उठवत नाहीये.

तुझं उत्तर आलं: 'तिला आण.' 'तू ये' असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. म्हणून असं ठरवलंय. टॅक्सी तुझ्या फाटकाशी थांबेल, हे पत्र घेऊन ठकी एकटी आत येईल आणि मी टॅक्सीत बसून राहीन. संध्याकाळी परतीची गाडी आहे. तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही.

निघतानाचं सांगते. पिशवी भरून मी दाराशी आले तर चिरंजीव उभे. मी खोटं बोलणार नव्हते. म्हटलं, तुझ्या मावशीकडे चाललो. त्याने विचारलं, "परवाच्या आत येणार ना?" मी म्हटलं, नाही. तो दारातून हलला नाही. माझ्याकडे नाही, ठकीकडे बघत होता, आणि ठकी लगेच सवयीने खाली झाली, गुडघ्यांत. बापाने बघितलं की खाली. ते त्याने प्रथमच पाहिलं असं नाही, शिकवलं त्यानेच. पण या वेळी कॅमेरा नव्हता, फ्रॉक नव्हता, अंगात माझी जुनी ढगळ बंडी होती, आणि दिवसाच्या उजेडात एक मोठी मुलगी स्वतःच्याच घराच्या दारात अर्धी वाकून उभी होती. त्याने मान फिरवली आणि बाजूला झाला. मोठा पश्चात्ताप वगैरे झाला असं समजू नकोस. कंपनीला काय सांगायचं, असं पुटपुटत होता.

आम्ही जिना उतरलो तर मागून सूनबाई धावत आली. आता हात धरून ओढणार, असं वाटून मी ठकीला मागे घेतलं. तिच्या हातात खोकं होतं. खाली बसली, ठकीच्या पायातले जुने बूट काढले आणि खोक्यातले नवे घातले. दोन मापं मोठे. बरोबर आले, जरासुद्धा सैल नाहीत. म्हणजे बाईला माप ठाऊक होतं! बूट केव्हा आणले, कुठे लपवले होते, काही बोलली नाही. नाडी बांधून उठली आणि माझ्याकडे न बघता वर निघून गेली. तिच्यावर सोडायला मी इतके दिवस जी वाक्यं घोटून ठेवली होती ती सगळी फुकट गेली, त्याचाही मला राग आहे. बूट आणता येतात आणि पट्टीही बांधता येते, त्याच हातांनी. मला अशा माणसांचं काय करायचं ते कळत नाही. तुला कळत असेल तर सांग.

आता तुझ्यासाठी चार गोष्टी. दात तिला आता घासता येतो, शेवटचं मेण मी परवा काढलं, पण हसताना ती अजून ओठ तिथे दाबून धरते. घास तोंडात घेतला की आधी इकडेतिकडे बघते. ती बादली शोधते. तिला म्हणावं, गिळ. जेवण झाल्यावर कुणी वाहवा म्हणेल म्हणून थांबते, तेव्हा काही म्हणू नकोस, उठून हात धू. आणि तुझ्या दारातून आत येताना ती गुडघे वाकवेल. माझ्यासमोर वाकवते, आरशासमोर वाकवते, झोपेत पाय दुमडून घेते. मी बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शब्दकोश ठेवून पाहिला. माझ्याच्याने होत नाही. मी बुटकी, मला कसं जमणार.

तुझे आपल्या घरातले फोटो काल शोधत होते, तिला दाखवायला. आई तुला प्रत्येक फोटोत खाली बसवायची, आठवतं? कुणाला एवढी उंच दिसू नये म्हणून. आणि ऐन वेळी तू उठून उभी राहायचीस. त्यामुळे सगळ्या फोटोंत आम्ही सगळे हसतोय आणि शेवटी एक बिनडोक्याचा झगा. ठकीने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, ही लहान आजी. तिचं डोकं फोटोच्या बाहेर गेलं. ती इतकी हसली की ओठ दाबायचं विसरली.

तेव्हा तिला काही शिकवू नकोस. फक्त तिच्या शेजारी तू जशी उभी राहतेस तशी उभी राहा.

तिला कपडे लागतील. नवे, सगळेच. मी येताना कापड आणलं आहे, बेतायला मात्र तूच हवीस, तुझा हात सफाईचा आहे, हे मी आईसमोरही कबूल केलं नव्हतं. पिवळा फ्रॉक तिकडेच ठेवला. पट्ट्या उसवून काढल्या, आता तो कुणालाही येईल, सहा वर्षांच्या कुणालाही.

मी फाटकाबाहेर टॅक्सीत आहे. आईची मशीन माझ्या मांडीवर आहे आणि ती अतिशय जड आहे. लवकर बाहेर ये.

ताई